अंड्यावरचा आकडा आणि गिऱ्हाइकाचा विश्वास

पुण्या-मुंबईच्या कोणत्याही उपनगरात दहा मिनिटे पायी हिंडा, 'येथे गावरान अंडी मिळतील' अशी एक तरी पाटी दिसल्यावाचून राहायची नाही. पाटी कधी किराणा दुकानाच्या दारात खडूने लिहिलेली असते, कधी हातगाडीच्या दांडीला बांधलेल्या पुठ्ठ्यावर. शेजारीच पांढऱ्या अंड्यांचे ट्रे एकावर एक रचून ठेवलेले असतात. दोघांच्या भावात फरक असतो तो आठ-बारा आण्यांचा नव्हे. गावरान म्हणून विकले जाणारे अंडे साध्या अंड्याच्या दुप्पट, प्रसंगी त्याहूनही महाग असते. आणि तरी ते खपते. बाळंतिणीसाठी, आजाऱ्यासाठी, वाढत्या मुलासाठी लोक मुद्दाम विचारून ते नेतात.

'आपले गिऱ्हाईक फार चिक्कू. जनावराच्या सुखासाठी ते एक पैसा जास्त मोजणार नाही,' असे अन्नाच्या धंद्यातली मंडळी नेहमी सांगतात. मला हे विधान त्या पाटीपुढे उभे राहिले की खोटे वाटू लागते. गावरान म्हणताना गिऱ्हाइकाच्या मनात फक्त चव किंवा ताकद नसते. अंगणात फिरणारी, उकिरडा उकरणारी, संध्याकाळी आपण होऊन खुराड्यात शिरणारी कोंबडी त्याच्या डोळ्यांपुढे असते. त्या मोकळ्या कोंबडीसाठी ते दुप्पट दाम मोजते. म्हणजे तयारी आहे. मग प्रश्न एवढाच उरतो, की मोजलेल्या दामाच्या बदल्यात त्याला ती मोकळी कोंबडी खरोखर मिळते का?

याचे उत्तर देण्याचे कोणतेही साधन गिऱ्हाइकाच्या हाती नाही. कवच तपकिरी आहे म्हणून अंडे गावरान, अशी सर्रास समजूत आहे. पण कवचाचा रंग ठरतो तो कोंबडीच्या जातीवरून. तपकिरी अंडी देणाऱ्या संकरित कोंबड्या पिंजऱ्यातही तितकीच तपकिरी अंडी देतात. बलक गडद पिवळा आहे म्हणावे, तर तो रंग खाद्यातून येतो. पिवळा मका किंवा झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क खाद्यात घातला की पिंजऱ्यातल्या कोंबडीच्या अंड्याचा बलकही केशरी होतो. आकार लहान म्हणावा, तर नव्याने अंड्यावर आलेल्या कोणत्याही तलंगेची अंडी लहानच असतात. थोडक्यात, फोडून पाहिले, उकडून खाल्ले, तरी कोंबडी कशी जगली हे अंडे सांगत नाही.

खाऊनही न कळणारा माल

बाजारात माल तीन प्रकारचा असतो. काही माल पाहून कळतो. भेंडी कोवळी आहे की जून, हे तिचे टोक मोडले की समजते. काही वापरून कळतो. कलिंगड घरी आणून कापले की दुकानदाराची परीक्षा होते. तिसरा प्रकार अवघड. तो पाहून कळत नाही आणि वापरूनही कळत नाही. त्यात सांगणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. जनावराला बरे वागवून काढलेले अन्न, मग ते अंडे असो, मटण असो की दूध, या तिसऱ्या प्रकारात मोडते.

अशा बाजारात काय होते, हे जॉर्ज अ‍ॅकर्लोफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन दाखवले. चांगली गाडी आणि खटारा यांतला फरक गिऱ्हाइकाला ओळखता येत नसेल, तर ते दोन्हींना मधलाच भाव देते. त्या भावात चांगल्या गाडीवाल्याला परवडत नाही. तो बाजारातून निघून जातो आणि मागे खटारेच उरतात. २००१ साली अ‍ॅकर्लोफना याच धर्तीच्या कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. गावरान अंड्याच्या पाटीला हे जसेच्या तसे लागू पडते. ज्या बाईने परसात खरोखर वीस कोंबड्या पाळल्या आहेत, जिची दोन कोंबडीची पिल्ले मुंगसाने नेली आणि दोन घारीने, तिच्या अंड्याला आणि पिंजऱ्यातल्या तपकिरी अंड्याला एकच पाटी, एकच भाव. यात नुकसान गिऱ्हाइकाचे होतेच. पण त्याहून मोठे नुकसान त्या बाईचे आणि कोंबडीचे होते.

आपल्या आजी-पणजींना हा प्रश्न ठाऊक होता. दुधात पाणी नको म्हणून गवळ्याला दारात म्हैस आणायला लावून डोळ्यांदेखत धार काढून घेण्याची पद्धत मुंबईतही होती. त्या काळी विश्वासाची मुदत एका तांब्याएवढी होती. आज अंडे शेकडो मैलांवरून येते. धार डोळ्यांदेखत काढता येत नाही. मग डोळ्यांची जागा कोणी घ्यायची?

युरोपातला एक आकडा

या प्रश्नाला युरोपने दिलेले उत्तर मला फार साधे आणि म्हणून फार मोलाचे वाटते. तिथे १९६४ साली रूथ हॅरिसन या ब्रिटिश बाईंनी 'अ‍ॅनिमल मशीन्स' हे पुस्तक लिहून कारखानी पशुपालनाचे चित्र लोकांपुढे मांडले. गदारोळ झाला, सरकारने समिती नेमली आणि १९६५ च्या ब्रॅम्बेल अहवालाने किमान अपेक्षा सांगितली: जनावराला उठता, बसता, वळता, अंग साफ करता आणि हातपाय ताणता आले पाहिजेत. अपेक्षा किती माफक होती पाहा! तरीही १९९९ साली युरोपीय संघाने कायदा केला तेव्हा साध्या पिंजऱ्यातल्या कोंबडीच्या वाट्याला ५५० चौरस सेंटिमीटर जागा हे किमान माप ठरले. हपिसात वापरतो तो ए-फोर कागद सव्वासहाशे चौरस सेंटिमीटर भरतो. म्हणजे कागदाहूनही लहान जागेत आयुष्य. पंख पसरणे नाही, मातीत लोळणे नाही, अंडे घालायला आडोसा नाही. याच कायद्याने हे साधे पिंजरे २०१२ पासून बंद केले.

पण मला सांगायचे आहे ते या बंदीबद्दल नव्हे. त्याआधी, २००४ पासून, संघातल्या अंड्यांवर एक आकडा छापणे सक्तीचे झाले. ० म्हणजे सेंद्रिय, १ म्हणजे मुक्तसंचार, २ म्हणजे शेडमध्ये पण पिंजऱ्याबाहेर, ज्याला आपल्याकडचे पोल्ट्रीवाले गादी पद्धत म्हणतात ती, आणि ३ म्हणजे पिंजरा. पुढे देशाची अक्षरे आणि उत्पादकाचा क्रमांक. खोक्यावरची हिरवी कुरणे, हसणारी कोंबडी, हे सगळे जाहिरातवाल्याचे. अंड्यावरचा आकडा मात्र कायद्याचा.

परिणाम काय झाला? जर्मनीचे उदाहरण घ्या. तिथे साधे पिंजरे बाकी युरोपच्या दोन वर्षे आधी बंद झाले. सुधारलेल्या, थोड्या मोठ्या पिंजऱ्यांना परवानगी राहिली. त्यांच्या अंड्यांवरही ३ हाच आकडा पडे. कायद्याने ती विकायला काही हरकत नव्हती. पण २०१० च्या सुमारास बहुतेक मोठ्या साखळी-दुकानांनी ३ आकड्याची अंडी ठेवणेच सोडून दिले. आकडा दिसत होता, आणि तो दिसल्यावर ते अंडे घेणे लोकांना नकोसे झाले होते.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू. शेवया, केक, बिस्किटे, अंड्याची भुकटी यांत कोणते अंडे घातले, हे सांगण्याची सक्ती त्या कायद्यात नव्हती. तिथे पिंजऱ्यातले अंडे मजेत खपत राहिले. लोक तेच, त्यांची भूतदया तीच, पाकीट तेच. सकाळी १ आकड्याचे अंडे पारखून घेणारा माणूस दुपारी पिंजऱ्यातल्या अंड्याचा केक खातो, कारण केकवर आकडा नाही. पैसे मोजण्याची तयारी ही माणसाच्या मनातली ठरलेली रक्कम नसून समोर दिसणाऱ्या खात्रीबरोबर ती वाढते आणि घटते, हे यापेक्षा स्पष्ट कोण सांगणार?

ब्याऐंशी सेंटांचा हिशेब

'पण लोक बोलतात एक आणि करतात एक,' असा आक्षेप येईल. तो खोटा नाही. २०१५ च्या अखेरीस युरोपीय संघात झालेल्या पाहणीत शेकडा ९४ लोकांनी पाळीव जनावरांचे हित महत्त्वाचे मानले. जास्त पैसे देऊ म्हणणारे शेकडा ५९ निघाले. आणि त्यांतले बहुतेक, म्हणजे एकूणांपैकी ३५, पाच टक्क्यांपेक्षा जास्त द्यायला तयार नव्हते. तत्त्वाला चौऱ्याण्णव, खिशाला एकोणसाठ, आणि खिशातही हात फार खोल नाही.

नेदरलँड्समध्ये तर हा हिशेब थेट सरकारदरबारी मांडला गेला. झपाट्याने फुगवलेल्या ब्रॉयलर कोंबडीविरुद्ध तिथे मोठी मोहीम झाल्यावर २०१३ साली दुकानांनी, उत्पादकांनी आणि मांस-व्यावसायिकांनी मिळून ठरवले, की २०२० पर्यंत सगळ्यांनी थोडी सावकाश वाढणारी, थोडी मोकळी कोंबडीच विकायची. 'उद्याची कोंबडी' असे त्या कराराचे नाव. स्पर्धा-नियामकाने २०१५ साली त्याला हरकत घेतली. गिऱ्हाइकांना विचारून त्याने हिशेब काढला: या सुधारणांसाठी लोक किलोमागे ८२ सेंट द्यायला तयार आहेत आणि त्यांना पडणार आहेत १ युरो ४६ सेंट. सबब गिऱ्हाइकाचे नुकसान; करार नामंजूर.

कागदावर हा हिशेब बिनचूक होता. पण पुढे जे घडले ते त्यात बसत नाही. करार गेला, तरी तिथल्या प्राणिरक्षण संघटनेची २००७ पासूनची एक, दोन, तीन ताऱ्यांची खूण बाजारात होती. लोकांना ती ओळखीची झाली होती आणि तिच्यामागे तपासणी होती. दुकानांनी एकेकट्याने पावले टाकली. २०२० साली त्याच नियामकाने पाहणी केली तेव्हा दुकानांतली कोंबडी त्या नाकारलेल्या कराराच्याही पुढे गेलेली दिसली. २०२३ च्या अखेरीपर्यंत मोठ्या साखळी-दुकानांत ताजी कोंबडी किमान एक ताऱ्याची झाली, म्हणजे निदान ५६ दिवस जगलेली. निर्यातीसाठी जुन्या पद्धतीची पोल्ट्री चालू राहिली, हेही सांगितले पाहिजे. पण प्रश्नावलीत ८२ सेंटांवर थांबलेला माणूस दुकानात त्यापुढे गेला. कारण प्रश्नावली त्याला एकट्याला विचारते: तू किती देशील? दुकानात त्याला दिसते, की शेजारीही तेच घेतो आहे आणि आपले जास्तीचे पैसे वाऱ्यावर जात नाहीत.

एकट्याने दयाळू होण्याचे ओझे माणसाला जड जाते. सगळ्यांबरोबर ते हलके होते. कॅलिफोर्नियात २००८ साली कोंबड्यांना पंख पसरता येतील एवढी जागा द्यावी की नाही यावर मतदान झाले, तेव्हा शेकडा ६३ मते 'द्यावी' म्हणून पडली. पिंजऱ्याबाहेरची अंडी त्या वेळी दुकानांत मिळत होतीच, पण घेणारे फार थोडे होते. याला काही जण ढोंग म्हणतात. मला ते ढोंग वाटत नाही. मत देणारा माणूस म्हणत होता, 'नियम सगळ्यांना करा, मी माझा वाटा देतो.' २०१८ साली त्याच राज्याने आणखी कडक कायदा मतदानाने केला आणि २०२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला.

शिक्का आणि शिक्षा

आता कोणी म्हणेल, शिक्क्यालाही काय किंमत? शिक्के विकत मिळतात. अगदी खरे. ब्रिटनमध्ये २००४ ते २००६ या काळात एका व्यापाऱ्याने सुमारे दहा कोटी पिंजऱ्यातली अंडी मुक्तसंचार आणि सेंद्रिय म्हणून खपवली. २०१३ साली जर्मनीत दीड-दोनशे पोल्ट्रींवर ठरल्यापेक्षा जास्त कोंबड्या कोंबल्याबद्दल चौकशी लागली. त्यांत सेंद्रियवालेही होते. शिवाय आकडा सगळे सांगत नाही. अंड्याच्या जातीची नर पिल्ले अंडी देत नाहीत म्हणून जन्मताच मारली जातात, आणि ० आकड्याच्या अंड्यामागेही ही गोष्ट असे. जर्मनीला ती थांबवायला २०२२ साली वेगळा कायदा आणावा लागला.

पण ब्रिटनमधल्या त्या व्यापाऱ्याचे पुढे काय झाले, हेही पाहावे. २०१० साली त्याला तीन वर्षांचा तुरुंगवास झाला. आणि २०२२ च्या मार्चमध्ये बर्ड फ्ल्यूमुळे कोंबड्या अनेक आठवडे आत कोंडाव्या लागल्या, तेव्हा तिथल्या मुक्तसंचार अंड्यांना काही काळ तो शब्द सोडून 'शेडमधली' म्हणून विकावे लागले. उत्पादकाचा दोष नव्हता, तरी शब्द खाली उतरवला गेला. माझ्या मते शिक्क्याची किंमत छपाईत नसते. खोटा निघाला तर कोणाला तरी शिक्षा होते आणि खरा राहिला नाही तर तो काढून घेतला जातो, यात ती असते.

आपल्याकडे काय आहे?

आपल्याला हे जमणार नाही, असे मानायचे कारण नाही. २००१ पासून आपल्याकडे खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर शाकाहारी-मांसाहारी ठिपका सक्तीचा आहे. बिस्किटाचा पुडा हाती घेतला की अक्षरशत्रू आजीही आधी हिरवा ठिपका शोधते. सोन्याचेही तसेच. पिढ्यान्‌पिढ्या आपण 'आमच्या घरचा सोनार' या शब्दावर कॅरेट मानत आलो. हॉलमार्क २००० साली आला, २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि आज दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. सोन्याला जे लागू, ते अंड्याला का नाही?

आणि हे निव्वळ माझ्या मनातले नाही. विधी आयोगाने जुलै २०१७ मध्ये आपल्या २६९ व्या अहवालात अंड्यांच्या व मांसाच्या कोंबड्यांचा विचार केला. राज्यांच्या पशुसंवर्धन खात्यांनी पोल्ट्रींना प्रमाणपत्रे द्यावीत आणि त्यांत पिंजऱ्यातले उत्पादन व पिंजऱ्याबाहेरचे उत्पादन असा स्पष्ट भेद असावा, असे त्यात सुचवले होते. पिंजऱ्याबाहेरच्या अंड्यांचे बंद खोके आता मोठ्या शहरांतल्या दुकानांत दिसतात. पण त्यावरचे शब्द वाचताना अंड्यावर छापलेला, सगळ्यांना एकच अर्थ सांगणारा आकडा मला अजून कोणाच्या फ्रिजमध्ये दिसलेला नाही.

शाकाहारी वाचकांनी, हा आपला प्रश्न नव्हे, म्हणून पान उलटू नये. 'ए-टू' दूध, 'ए-टू' तूप म्हणून देशी गाईच्या नावाने चढ्या भावात जे विकले जाते, त्यामागेही अंगणातल्या गाईचेच चित्र आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हे दावे वेष्टनावरून काढा, असे सांगितले आणि अवघ्या पाच दिवसांत ते सांगणे मागे घेतले. दावा खरा की खोटा, हा वाद बाजूला ठेवू. पण पंच आठवड्याच्या आत निर्णय फिरवतो तेव्हा गिऱ्हाइकाने कोणाचे ऐकायचे?

एक आक्षेप मात्र मी मनापासून गंभीर मानतो. आपल्या देशात अंडे हे गरिबाच्या मुलाचे सर्वांत स्वस्त पौष्टिक अन्न आहे. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात अंडे आले आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्यासाठीचा निधी थांबवला. जिथे आठवड्याला एक अंडे देण्यावरून ही ओढाताण, तिथे उद्या पिंजरे बंद करून अंडे महाग करा, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. म्हणूनच मी आधी बंदी मागत नाही. आधी आकडा मागतो. आकड्याने स्वस्त अंडे महाग होत नाही. ज्याला परवडते आणि ज्याची इच्छा आहे, तो आजही दुप्पट दाम देतोच आहे. आकड्याने एवढेच होईल की ते दाम योग्य दारी जातील.

ते दार कोणाचे, हेही पाहू. २०१९ च्या पशुगणनेत देशात कोंबड्या व इतर कुक्कुटपक्षी मिळून ८५ कोटींच्या वर भरले. त्यांतले ३१ कोटी ७० लाख परसातले होते, आणि आधीच्या गणनेपेक्षा ते शेकडा पंचेचाळिसांहून जास्त वाढले होते. एकूण अंड्यांत त्यांचा वाटा बराच कमी आहे, कारण परसातली कोंबडी पोल्ट्रीतल्या कोंबडीइतकी अंडी देत नाही. पण ती बहुधा घरातल्या बाईची मिळकत असते. मुलाची वही, स्वतःची औषधाची बाटली त्यातून येते. ही अंडी गोळा करून, तपासून, शिक्का मारून शहरात आणणे हे बचत गटांना आणि सहकारी संस्थांना न झेपणारे काम नाही. खेड्याखेड्यातून चिमूटभर दूध गोळा करून ज्या राज्याने डेअऱ्या उभ्या केल्या, त्याला अंडी जड होऊ नयेत.

तोवर गिऱ्हाईक म्हणून आपण एक गोष्ट करू शकतो. पाटी पाहून गप्प पैसे देण्याऐवजी विचारायचे: अंडी कोणत्या गावची? कोंबड्या बाहेर सोडतात का? कोणी पाळल्यात? बहुतेक वेळा नीट उत्तर मिळणार नाही. पण दहा गिऱ्हाइकांनी विचारले की अकराव्याच्या वेळी दुकानदार पुरवठादाराला विचारतो, आणि पुरवठादाराला उत्तर द्यावे लागते. सरकारचा शिक्का येईल तेव्हा येईल. तो यावा म्हणून आधी हा प्रश्न दुकानात विचारला गेला पाहिजे.